शिकारी रायफलीची गोळी : दोन शतकांचा आढावा

रायफलीविषयी लिहिणारे बहुतेक लेखक नळी, चाप, काडतूस भरण्याची यंत्रणा आणि दुर्बीण यांची वर्णने विस्ताराने करतात. सावजापर्यंत प्रत्यक्ष जाऊन पोचणारी एकमेव वस्तू, म्हणजे गोळी, मात्र दोन-चार परिच्छेदांत आटोपली जाते. वास्तविक गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शिकारी रायफल मूलतः फारशी बदललेली नाही. जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारलेल्या माउझर रायफलीच्या बोल्टची रचना आजच्या अनेक नव्या शिकारी रायफलींत सहज ओळखू येते. गोळीची घडण मात्र याच काळात अनेकदा मुळापासून बदलली आणि त्या बदलांची कारणे धातुशास्त्रात, युद्धाच्या कायद्यात, अपयशी शिकारींत आणि अलीकडे पक्ष्यांच्या रक्तपरीक्षणात सापडतात. बोलीभाषेत काडतूस आणि गोळी हे शब्द एकमेकांसाठी वापरले जात असले, तरी येथे काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असा सर्व संच समजावा, आणि गोळी म्हणजे त्यातला नळीतून बाहेर पडून सावजात शिरणारा भाग.

शिकारी गोळीकडून ज्या अपेक्षा असतात त्या परस्परविरोधी आहेत, आणि हा विरोध ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या सुधारणांचा अर्थ लागत नाही. हवेतून जाताना ती लांबट, निमुळती आणि अभंग असावी लागते, म्हणजे वेग टिकतो आणि वारा तिला फारसा ढकलत नाही. शरीरात शिरताच तिचे टोक फुलून तोंड रुंदावे लागते, म्हणजे जखम मोठी होऊन जनावर लवकर मरते. आणि फुलताना तिचे तुकडे मात्र होऊ नयेत, कारण तुकडे झालेली गोळी कातडीखालीच थांबते व हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचत नाही. यात भर अशी की तीच गोळी कधी तीस मीटरांवरच्या रानडुकराला, तर कधी तीनशे मीटरांवरच्या हरणाला लागते, आणि या दोन ठिकाणी तिचा वेग अगदी भिन्न असतो. वेग वाढवण्याचे काम तुलनेने लवकर, साधारण १९१० ते १९२५ च्या सुमारासच, संपल्यात जमा होते. त्यानंतरचे बहुतेक सर्व संशोधन तो वेग सोसून ठरल्याप्रमाणे वागणारी गोळी घडवण्यात खर्ची पडले आहे.

प्रारंभी गोळी म्हणजे शिशाचा गोल होता. शिसे जड, मऊ आणि चुलीवर वितळण्याइतके सोयीचे (त्याचा वितळणबिंदू ३२७ अंश सेल्सिअस), त्यामुळे शिकारी स्वतःच साच्यात गोळ्या ओतत. नळीचे माप सांगण्याची त्या काळची रीत आजही ‘बारा बोअर’ या नावात टिकून आहे : त्या मापाचे बारा गोल मिळून एक पौंड शिसे होते, म्हणजे प्रत्येक गोल सुमारे ३८ ग्रॅमचा असतो. गोलाची अडचण त्याच्या भूमितीत आहे. त्याचे वजन वाढवायचे तर व्यास वाढवण्यावाचून मार्ग नाही, आणि व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते. हत्ती किंवा गवा यांच्यासाठी खोल जाणारी गोळी हवी असेल तर चार बोअरची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमचा गोल फेकणारी, अवजड बंदूक खांद्यावर घ्यावी लागे. म्हैसूर संस्थानात हत्ती पकडण्याच्या ‘खेडा’ मोहिमांचे अधिकारी असलेल्या जी. पी. सँडरसन यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा भल्यामोठ्या बोअरांची तपशीलवार चर्चा आढळते. तीवरून ही बंदूक सावजाइतकीच शिकाऱ्यालाही हादरवणारी होती, हे स्पष्ट होते.

गोलाच्या जागी लांबट गोळी आणण्याच्या प्रयत्नांतील एक धागा दक्षिण भारतात सापडतो. ब्रिटिश सैन्याच्या ३४ व्या रेजिमेंटचे कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी १८२३ साली तळाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीची कल्पना मांडली, आणि ती त्यांना दक्षिण भारतीय फुंकनळीच्या तिरांवरून सुचली असे सांगितले जाते. त्या तिराच्या बुडाशी कमळाच्या देठाचा मऊ गाभा बसवलेला असे व फुंकर मारताच तो फुगून नळी घट्ट बंद करी. फ्रान्समध्ये क्लोद-एतियेन मिनिए यांनी १८४९ च्या सुमारास हेच तत्त्व व्यवहारात आणले. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने ठासणीच्या बंदुकीत ती सहज उतरे, आणि दारू पेटताच तिचा पोकळ तळ फुगून नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचांना, घट्ट भिडे. या शोधाने युद्धाचे स्वरूप पालटले. शिकारीत मात्र तो लगेच स्वीकारला गेला नाही, कारण लांब जड गोळीचा वेग कमी पडे, ती वाकडी वाट घेत खाली येई आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुके.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या विषयातले काही महत्त्वाचे प्रयोग हिंदुस्थानात झाले, याचे कारण येथे एकाच जंगलात सांबरापासून गव्यापर्यंत आणि बिबट्यापासून वाघापर्यंत सावज मिळत असे. त्या काळी मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंधमध्ये जनरल जॉन जेकब यांनी चार आट्यांची रायफल आणि टोकाशी स्फोटक भरलेली गोळी तयार करून कराचीला तिच्या चाचण्या घेतल्या. सातपुडा आणि नर्मदेच्या खोऱ्यात नोकरी केलेले कॅप्टन जेम्स फॉरसाइथ यांनी १८६३ साली शिकारी रायफलीच्या गोळ्यांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. आट्यांना फार सावकाश वळण द्यावे, गोल गोळी भरपूर दारूने वेगात फेकावी आणि जंगलातल्या अंतरांवर सरळ नेमाने मारावे, हे त्यांचे प्रतिपादन होते. स्फोटक गोळ्यांचाही त्यांनी पुरस्कार केला. फॉरसाइथ यांची गोल गोळी लवकरच कालबाह्य झाली, परंतु शिकारीत अंदाज चुकण्याची शक्यता गृहीत धरूनच गोळी निवडावी हा त्यांचा विचार आजही खोटा ठरलेला नाही. स्फोटक गोळीचे आयुष्य मात्र अल्प ठरले. युद्धात ४०० ग्रॅमहून हलक्या स्फोटक प्रक्षेपकांवर १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने बंदी आली, आणि शिकारीतही कातडीवरच फुटणाऱ्या या गोळीचा भरवसा कोणी धरेना.

लंडनचे बंदूककार जेम्स पर्डी यांनी १८५६ च्या सुमारास वेगवान आगगाडीचे नाव देऊन ज्या दोननळी रायफली विक्रीस आणल्या, त्यांवरून ‘एक्स्प्रेस’ हे नाव रूढ झाले. गोळी हलकी करायची, दारू वाढवायची आणि गोळीच्या टोकाला पोकळ भोक पाडून त्यात तांब्याची बारीक नळी बसवायची, असे हे सूत्र होते. दीडशे यार्डांपर्यंत नेम फारसा वरखाली करावा लागत नसल्याने ही रायफल हरणाच्या शिकारीत अत्यंत लोकप्रिय झाली. वाघाच्या खांद्यावर मात्र तिने अनेकदा दगा दिला. पोकळ टोक हाडावर आदळून चिंधड्या झाल्या की वाघ जखमी होई व जखमी वाघ शिकाऱ्यांवर उलटे. सॅम्युएल बेकर यांनी १८९० साली या पोकळ गोळीवर कठोर टीका केली आणि वाघासाठी ०.५७७ इंच मापाची, निव्वळ मऊ शिशाची भरीव गोळीच योग्य असल्याचे बजावले. पुढील शंभर वर्षांचा सगळा वाद या टीकेत बीजरूपाने आहे : वेग वाढवला की गोळी फुटते, आणि ती फुटू नये म्हणून टणक केली की फुलत नाही.

हा पेच १८८४ नंतर अधिकच तीव्र झाला. त्या वर्षी पॉल विएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी धूरविरहित दारू शोधून काढली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या लेबेल रायफलीत ती वापरात आली. काळ्या दारूने गोळीला सेकंदाला साडेपाचशे मीटरांपर्यंतचा वेग मिळणे हीही मोठी मजल मानली जात असे; नव्या दारूने सहाशे-सातशे मीटर सहज साध्य झाले, परंतु या वेगाला उघडे शिसे आटे पकडू शकेना, ते सोलून निघू लागले आणि नळी शिशाने माखू लागली. स्वित्झर्लंडचे एडुआर्ड रूबिन यांनी याच दशकाच्या आरंभी शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे पातळ कवच चढवून यावर उत्तर शोधले होते. हे कवच पुढे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे व त्याहीपुढे गिल्डिंग मेटलचे, म्हणजे सुमारे ९५ भाग तांबे आणि ५ भाग जस्त यांच्या मिश्रणाचे, होऊ लागले, कारण निकेलयुक्त कवच नळीत चिकट गाठी सोडत असे. नळीचा प्रश्न असा सुटला, पण कवचबंद गोळी जनावराच्या शरीरातून न फुलता आरपार निघून जाऊ लागली.

यावरचा उपाय साधा होता : टोकाशी कवच काढून टाकून शिसे उघडे ठेवायचे. अशा ‘सॉफ्ट नोज’, म्हणजे मऊ नाकाच्या, गोळ्या शिकारीत रूढ होत असतानाच सैन्यालाही त्यांची गरज भासली. १८९५ च्या चित्राल मोहिमेत ०.३०३ मापाची कवचबंद गोळी लागूनही शत्रू थांबत नाही अशी तक्रार झाल्यावर, कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांच्या देखरेखीखाली उघड्या टोकाची गोळी तयार झाली आणि त्या गावाचे नाव जगभर गेले. शरीरात फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत अशी घोषणा १८९९ च्या हेग परिषदेत झाली. ब्रिटनने ती १९०७ साली मान्य केली. तेव्हापासून सैनिकी गोळी आणि शिकारी गोळी यांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या. माणसावर जी गोळी झाडणे निषिद्ध, तीच जनावरासाठी दयेची समजली गेली, आणि पुढे अनेक देशांच्या व राज्यांच्या शिकार नियमांनी मोठ्या सावजावर कवचबंद गोळी झाडण्यास मनाईही केली. दोन्ही नियमांमागचा हेतू यातना कमी करण्याचाच आहे. युद्धात शत्रू जखमी होऊन बाजूला झाला तरी पुरते, शिकारीत जखमी होऊन पळालेले जनावर हे अपयश असते.

या नियमाला अपवाद फक्त हत्ती, गेंडा आणि रानरेडा यांसारख्या अजस्र प्राण्यांचा. हत्तीच्या कवटीतले जाळीदार हाड भेदून मेंदूपर्यंत जायचे तर गोळी मुळीच फुलता कामा नये, म्हणून त्यांच्यासाठी पोलादाच्या जाड कवचाच्या ‘सॉलिड’ गोळ्या केल्या जात. रिग्बी कंपनीने १८९८ साली आणलेल्या ०.४५० नायट्रो एक्स्प्रेसची ४८० ग्रेनची (सुमारे ३१ ग्रॅमची) गोळी सेकंदाला ६५५ मीटर वेगाने सुटत असे, आणि चार बोअरच्या ओझ्यातून शिकाऱ्यांची सुटका झाली. हे माप हिंदुस्थानात फार काळ टिकले नाही. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या सरकारी रायफलींना ०.४५० ची सामग्री उपयोगी पडेल या भीतीने सरकारने १९०७ च्या सुमारास या मापाच्या आयातीवर बंदी घातली, आणि इंग्रज बंदूककारांनी केवळ ती टाळण्यासाठी ०.४६५, ०.४७० आणि ०.४७५ ही नवी मापे बाजारात आणली. आफ्रिकेत हजारावर हत्ती मारणारे डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी तर बहुतांश काम ७ मिलिमीटरच्या लहानशा रायफलीने, लांब कवचबंद गोळी वापरून केले. बेल यांचे यश हस्तिशरीराच्या सूक्ष्म ज्ञानाचे होते, रायफलीच्या मापाचे नव्हे. त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्या कमी कुशल लोकांनी किती हत्ती जखमी सोडले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

जर्मन सैन्याने १९०५ च्या सुमारास स्वीकारलेल्या टोकदार गोळीमुळे वेगाची पुढची पायरी गाठली गेली. बोथट गोळीपेक्षा टोकदार गोळीला हवेचा विरोध बराच कमी होत असल्याने ती वेग राखून ठेवते. अमेरिकेच्या १९०६ सालच्या ०.३०-०६ काडतुसाची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला ८२३ मीटर वेगाने निघे, आणि १९२५ साली विंचेस्टरने आणलेल्या ०.२७० ची १३० ग्रेनची गोळी ९५० मीटरांवर गेली. सैनिकी गोळीचा आकार तसाच उचलून तिच्या टोकाशी थोडे शिसे उघडे ठेवलेली शिकारी गोळी या वेगाला जवळून लागली तर अक्षरशः स्फोट झाल्यागत फुटे. अमेरिकी नियतकालिकांत जॅक ओ’कॉनर यांनी हलक्या वेगवान गोळीची, तर एल्मर कीथ यांनी जड संथ गोळीची बाजू कित्येक दशके लढवली. मागे वळून पाहता हा वाद वेगाचा नव्हताच. जड गोळी अधिक भरवशाची वाटे ती तिच्या वेगाने तिला फोडले नाही म्हणून, आणि हलकी गोळी चमत्कार करी ती नरम जागी लागली तेव्हा. गोळी चांगली घडवता आली असती तर दोघांनाही भांडायला फारसे कारण उरले नसते.

चांगली घडण शोधण्याचे काम युरोपात आधीच सुरू झाले होते. विल्हेल्म ब्रेनेके यांनी १९१७ साली गाभ्यात दोन प्रकारचे शिसे, पुढे मऊ आणि मागे टणक, बसवण्याची योजना केली. जर्मनीच्या आर.डब्ल्यू.एस. कंपनीने १९३० च्या दशकात मध्यभागी कवच आत दाबून घेतलेली ‘एच-मांटेल’ गोळी आणली. तिला उभे कापले तर रोमन एच अक्षरासारखी आकृती दिसते. अमेरिकेत १९३९ च्या सुमारास विंचेस्टरची सिल्व्हरटिप आणि रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट बाजारात आल्या. पैकी कोअर-लॉक्टमध्ये कवचाची मधली जाडी वाढवून गाभा मागे धरून ठेवलेला असतो. तिची किंमत माफक आणि वागणूक समाधानकारक असल्याने ती आजतागायत विकली जाते. दोनशे मीटरांच्या आत, मध्यम वेगाने, हरणाच्या बरगड्यांवर नेम धरणाऱ्या शिकाऱ्याला यापुढच्या कोणत्याही सुधारणेची खरी गरज नव्हती, हे कबूल केले पाहिजे; पुढच्या सुधारणा खडतर प्रसंगांसाठी आहेत.

असाच एक खडतर प्रसंग १९४६ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नोसलर यांच्यावर आला. त्यांनी ०.३०० मॅग्नम रायफलीने मूस जातीच्या प्रचंड हरणावर झाडलेल्या गोळ्या जनावराच्या चिखलाने माखलेल्या जाड खांद्यावर फुटून गेल्या. पुढच्या वर्षी नोसलर यांनी तांब्याच्या दांड्यातून लेथवर दोन्ही बाजूंनी पोकळ कवच कापून घेतले व मध्ये तांब्याची भिंत तशीच राखली. पुढच्या आणि मागच्या कप्प्यांत वेगवेगळे शिसे भरले. पुढचा कप्पा फुलून झिजून जातो, भिंतीपाशी ही झीज थांबते आणि मागचा कप्पा जवळजवळ अभंग राहून खोल शिरतो. ‘पार्टिशन’ या नावाने १९४८ पासून विकल्या जाणाऱ्या या गोळीचे वजन आघातानंतर साधारण दोन-तृतीयांश उरते. एच-मांटेलशी तिचे साम्य उघड असले, तरी जाणूनबुजून झिजणारा भाग आणि जाणूनबुजून टिकणारा भाग यांची इतकी स्वच्छ वाटणी तोवर कोणी केली नव्हती. विसाव्या शतकातील शिकारी गोळीची सर्वांत महत्त्वाची कृती कोणती, या प्रश्नाला पार्टिशन हेच उत्तर द्यावे लागते.

दुसरा मार्ग गाभा आणि कवच एकमेकांना जोडण्याचा होता. साध्या गोळीत शिसे कवचात केवळ दाबून बसवलेले असते. आघाताने कवच मागे सोलले गेले की गाभा निसटून स्वतंत्रपणे फुटतो. आयडाहोचे बिल स्टीगर्स यांनी १९६० च्या दशकात शिसे कवचाला डाख दिल्याप्रमाणे सांधून ‘बिटररूट’ गोळी बनवली. ती फुलल्यावर अळंबीच्या छत्रीचा आकार घेई आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास वजन राखी. हे काम हातचे व संथ असल्याने गोळ्या कायम अपुऱ्या पडत. पुढे जॅक कार्टर यांची ट्रॉफी बॉन्डेड, पार्टिशनची भिंत आणि सांधणी एकत्र करणारी स्विफ्ट कंपनीची ए-फ्रेम, ऑस्ट्रेलियाची वुडली आणि स्वीडनची ओरिक्स यांनी ही पद्धत कारखान्यात नेली.

तिसरा मार्ग सर्वांत धाडसी होता : शिसेच नको. यूटामधील बार्न्स कंपनीचे रँडी ब्रुक्स यांना १९८५ साली अलास्कात अस्वलाच्या शिकारीवर असताना ही कल्पना सुचली आणि १९८९ साली तिची ‘एक्स’ गोळी विक्रीस आली. ती अखंड तांब्याची असून तिच्या टोकाला खोल पोकळी असते. आत शिरलेल्या द्रवाच्या दाबाने टोक चार पाकळ्यांत उमलते आणि गोळीचे जवळजवळ सर्व वजन टिकते. बेकर यांनी शंभर वर्षांपूर्वी धिक्कारलेली टोकाची पोकळीच येथे योग्य धातूत यशस्वी झाली. पहिल्या एक्स गोळ्यांत मात्र दोष होते : मऊ तांबे नळीत माखे, दाब वाढे आणि काही रायफलींत अचूकता बिघडे. २००३ साली गोळीच्या अंगावर वलयाकार खाचा पाडल्यावर घासणारा पृष्ठभाग कमी झाला आणि हे दोष बव्हंशी दूर झाले. तरी तांब्याची मूळ मर्यादा राहतेच. शिशाची घनता ११.३, तर तांब्याची ८.९, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, लांब गोळी स्थिर ठेवायला आट्यांचे वळण अधिक घट्ट लागते आणि जुन्या रायफलींत ते नसते. शिवाय वेग फार घटला की तांबे उमलत नाही, म्हणून दूरच्या नेमासाठी तिची शिफारस जपूनच करावी लागते.

लांब पल्ल्याचा ध्यास हा गेल्या चार दशकांचा विशेष म्हणता येईल. नोसलर कंपनीने १९८४ साली गोळीच्या टोकाला प्लॅस्टिकची अणी बसवली. हवेत ती टोक अभंग ठेवते आणि आघाताच्या वेळी मागे रेटली जाऊन गोळी उघडते. गोळी हवेचा विरोध किती चांगला कापते हे सांगणाऱ्या आकड्याला बॅलिस्टिक गुणांक म्हणतात. तो वाढवण्यासाठी गोळ्या लांब होत गेल्या, त्यांची शेपूट होडीसारखी निमुळती झाली आणि प्रत्येक कंपनी तो आकडा डब्यावर छापू लागली. डॉप्लर रडारने संपूर्ण उड्डाण मोजता येऊ लागल्यावर साध्या प्लॅस्टिकची अणी हवेच्या घर्षणाने उड्डाणातच मऊ होऊन विरूप होते असे हॉर्नडी कंपनीच्या ध्यानात आले, आणि २०१५ साली तिने उष्णता सोसणारी अणी आणली. तांत्रिक दृष्टीने हे कौतुकास्पद आहे. परंतु सहाशे मीटरांवर गोळी पोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो, तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकू शकते, आणि यावर कोणत्याही गोळीकडे इलाज नाही.

गोळ्या तपासण्याच्या पद्धतीही या काळात सुधारल्या. पूर्वी ओल्या कागदांच्या गठ्ठ्यांवर किंवा लाकडी फळ्यांवर नेम धरला जाई. अमेरिकी सैन्यदलातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅकलर यांनी चार अंश सेल्सिअसला ठेवलेल्या १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्याची पद्धत प्रमाणित केली, त्यामुळे निरनिराळ्या गोळ्यांची तुलना शक्य झाली. जिलेटिनमध्ये हाड, कातडी किंवा चिखल नसतो, हे मात्र जाहिरातदार सोयीस्करपणे विसरतात.

गोळीच्या गुणवत्तेचा सर्वांत नवा निकष मेलेल्या सावजाच्या बाहेरचा आहे. कॅलिफोर्निया कॉन्डोर या महाकाय गिधाडांची संख्या १९८२ साली बावीसवर आली होती. १९८७ साली उरलेले सर्व पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवावे लागले, आणि पुन्हा रानात सोडल्यावरही ते मरत राहिले, त्याचे प्रमुख कारण शिसे होते. शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या आतड्यांत गोळीचे कण असत आणि ती आतडी हाच या पक्ष्यांचा आहार होता. ग्रेंजर हंट व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणांच्या क्ष-किरण छायाचित्रांत बहुतेक ठिकाणी शंभराहून अधिक कण आढळले, आणि ते जखमेपासून बरेच दूरवर विखुरलेले होते. नॉर्थ डकोटात २००८ साली गरिबांसाठी दान केलेल्या हरिणमांसाच्या पाकिटांत असे कण दिसल्यावर ते मांस वाटू नये अशी सूचना निघाली. जी सहज फुलणारी वेगवान गोळी शिकाऱ्याला पटकन मारणारी म्हणून प्रिय, तीच सर्वांत जास्त धूळ मागे ठेवणारी निघाली. कॅलिफोर्नियाने २०१३ साली कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. छर्‍यांतले शिसे १९९६ सालीच बंद करणाऱ्या डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या गोळ्यांनाही तोच नियम लावला. तांब्याच्या गोळीने जनावर उशिरा मरते हा आक्षेप जर्मनी आणि डेन्मार्कमधील प्रत्यक्ष शिकारीच्या निरीक्षणांत टिकला नाही. किंमत आणि जुन्या रायफलींशी न जुळणे हे आक्षेप खरे आहेत, पण ते सोयीचे आहेत.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि पुढे शिकारीचा छंद कायद्याने संपला. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची के.एफ. ही मोहोर असलेली ०.३१५ मापाची काडतुसे आता परवानाधारकांच्या कपाटांत स्वसंरक्षणापुरती असतात. तरीही पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना किंवा रोह्यांना मारण्याची परवानगी या कायद्याच्या अकराव्या कलमानुसार देता येते, आणि बिहारने तर २०१५ च्या अखेरीस या दोन्ही प्राण्यांना ठरावीक जिल्ह्यांत उपद्रवी घोषित करून घेतले होते. जनावरांच्या उपचारातले डायक्लोफिनॅक २००६ साली बंद केल्यापासून भारतीय गिधाडे सावकाश सावरू पाहत आहेत, आणि शेताच्या कडेला पडलेले रानडुकराचे शव त्यांच्या व घारींच्या दृष्टीला पडणारच. म्हणून अशी परवानगी देताना राज्यांच्या वनविभागांनी बंदुकीच्या परवान्याबरोबर गोळीचा धातू आणि शवाची विल्हेवाट यांचीही अट घालावी.